चिमटा

फ्रेम मिळाली जुन्या बाजारात, बुधवारी, तेराशेला.
कुणीतरी निळा रंग दिलेला, मी खरवडला,
तर खाली पुन्हा निळाच निघाला.
मागचं चाक भावाचं, हँडल मैत्रिणीच्या अडगळीतलं,
ब्रेक तेवढे नवे.
उरला चिमटा.
आणि उरले सात हजार.

नाना पेठेत इलियास बागवान फोर्कला चिमटाच म्हणतात.
"सस्पेन्शनवाला पायजे? हा घ्या. दाबा."
दाबला. बसला, आणि लगेच उभा,
हजेरीत नाव पुकारल्यासारखा.
"मस्त ना?"
मस्त. दुकानाच्या फरशीवर सगळेच मस्त असतात.
अडीच हजार, आत नुसती स्प्रिंग,
वजन जवळजवळ तीन किलो,
म्हणजे चढावर एक भोपळा पुढे बांधून न्यायचा
आणि उतारावर प्रत्येक दणका
व्याजासकट परत घ्यायचा.

मी पर्समधून व्हर्निअर काढला.
(भोसरीत रोज आठ तास हेच करते,
दुसऱ्यांच्या शाफ्टचे शतांश मोजते.)
नळी अठ्ठावीस. बारीक.
"ताई, सायकल बांधताय की रॉकेट?"
चहा मात्र पाजला, आणि स्वतःच म्हणाले,
"पैसे असले तर हवेवाला बघा.
नसले तर सरळ लोखंडी लावा,
बाकीचं कोपर सांभाळतं."

लोखंडी पाचशेला होता.
तीन रात्री मी त्याच्याच बाजूने होते.
मग वेताळ टेकडीची उतरण आठवली, खाणीकडची,
आणि माझं उजवं मनगट,
ज्यात दोन स्क्रू आहेत.

हवेवाला निघाला सहकारनगरला,
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
खळदकर काकांनी तो चादरीत गुंडाळून ठेवलेला,
घरात कुणालाच वाजवता न येणारं वाद्य ठेवावं तसा.
मुलगा जर्मनीत. दोन वर्षं झाली.
"मला यातलं कळत नाही. काय बघायचं ते बघा."
बघितलं. नळी बत्तीस. उसळी शंभर मिलिमीटर.
वरची दांडी सरळ, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच.
ओरखडा एकच, अगदी वर,
जिथवर सील पोचतच नाही.
दांडी आधीच कापलेली, त्याच्या मापाने.
पट्टी लावली. माझ्या फ्रेमला सहा मिलिमीटर जास्त.
जास्त चालते. कमी असती तर तिथेच संपलं होतं.
"नऊ म्हणाला होता तो."
"माझ्याकडे सात आहेत."
काका आत गेले. बराच वेळ आतच होते.
आले ते एक छोटा पंप
आणि वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेलं काही घेऊन:
वजन ५८. हवा ७०. रिबाउंड चार टिचक्या.
"हे सोबत द्यायचं म्हणाला. सातच द्या."

घरी पंप लावला.
काटा हलला, अठ्ठेचाळीसवर थांबला.
दोन वर्षांत बावीस कुठेतरी निसटलेली.
बाकीची आत होती,
त्याने जाण्याआधी कुठल्याशा सकाळी
त्या गॅलरीत भरलेली.
माझं वजन एकाहत्तर. मला पंच्याऐंशी लागणार.
आधीची सोडून नव्याने भरावी, हे सरळ.
मी सोडली नाही.
तिच्यावरच भरली.

रविवारी टेकडी. नळीला कोथिंबिरीच्या जुडीचा रबर अडकवला,
बसले, हळूच उतरले, मोजलं.
चोवीस.
मी चोवीस मिलिमीटर आहे.
इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

मग खाणीची उतरण.
पहिला दगड, दुसरा, मग मोजणं सुटलं.
चिमटा गिळत होता,
सावकाश परत करत होता, बिनव्याजी.
मनगट गप्प.
पडले मात्र. शेवटच्या वळणावर, पुढचा ब्रेक जोरात धरला म्हणून.
नवे होते ना ब्रेक.

काकांना फोटो पाठवला, पडण्याच्या आधीचा.
संध्याकाळी उत्तर आलं:
"छान. हवा पुरते का?"