अठरावी वस्तू

अमळनेर कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली
मी टाइप करतो परस्पर संमतीचे अर्ज.
सोनं, कपाट, कूलर
सगळं लिहून झालं होतं.
रेवती म्हणाली, खापर राहिलं.

किंमत?
मातीचं तर आहे, दिगंबर म्हणाला,
टाका शंभर.
"मन्ही मायनी दियेल शे,"
ती मशीनकडे बघत बोलली.
मी रकाना कोरा सोडला.
वकीलसाहेब चिडले. चिडू देत.

सहा महिन्यांनी, तारखेला,
तो पारोळ्याहून एसटीनं आला,
खापर उघडंच, पोटाशी धरून.
तिनं बोटानं वाजवून पाहिलं.
तडा नव्हता.

पोच लिहिली, सह्या झाल्या.
त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर
मांड्यांच्या काजळीचा मोठा गोल.

सांगावं तर कोणी.