अठ्ठी किंवा त्याखाली

बुधवारी उद्यमबागेत वीज नसते, दहा ते पाच.
लेथ गप्प, कॉम्प्रेसर गप्प,
आणि नागेश सांब्रेकर खोक्यावर पोतं अंथरतो.
बारा वर्षं पणजीच्या बोटीवर पत्ते वाटले त्यानं,
आता आमच्या पॅटर्न शॉपचा हिशेब लिहितो.
बोटं अजून तिथलीच:
रंध्यातून सागाचा छिलका सुटावा
तसा पत्ता सुटतो.

पैसे नाहीत. वॉशर.
अर्ध्या इंचाचे, प्रत्येकी चाळीस.
ईरण्णा हणगंडी कन्नडात मोजतो, दस्तगीर उर्दूत,
मी मराठीत.
चाळीस ते चाळीसच भरतात.

‘दोन झाकलेले, चार उघडे, शेवटचा परत झाकलेला.
सातातले पाच तुमचे.
अर्धा ढीग मोठ्या हाताला, अर्धा लहान हाताला.’
‘लहान हाताला कशाला गा?
दुर्री-तिर्रीला कुठलं कुत्रं विचारतंय?’
‘इथं विचारतंय,’ नागेश म्हणाला,
‘पण अठ्ठी किंवा त्याखाली, पाचही वेगळे.
नव्वी आली की लहानपण संपलं.’

आणि एक्का?
‘एक्का दोन्हीकडं चालतो.’
ईरण्णा हसला. ‘नम्म माव इद्दंग.’
त्याचे सासरे संकेश्वरचे,
कागदावर कन्नड, भांडणात मराठी.

पहिले तीन बुधवार मी राजे धरून बसलो.
पस्तीस वर्षं तीन पत्ती खेळलेला माणूस,
राजा आला की पाठ आपोआप ताठ होते.
समोर दस्तगीरची दुर्री, चव्वी, छक्की,
शाळेच्या फोटोत पुढं बसवलेली बुटकी पोरं.
अर्धा ढीग त्यांचा.
मी जिंकायचो
आणि हरल्यासारखा घरी जायचो, अनगोळपर्यंत चालत.

कळलं ते पत्त्यांतून नाही, लाकडातून.
पंपाच्या केसिंगचं पॅटर्न चिरत होतो:
वरची पेटी, खालची पेटी,
मधे पार्टिंगची एक रेघ.
वाळू दोन्हीकडं सारखी ठोकावी लागते,
नाहीतर रस रेघेतून बाहेर येतो.
आयुष्यभर हेच केलं की मी!
खालच्या पेटीला कधी कमी वाळू घातली नाही.

परवा मला झाकून आली तिर्री न् पंजी,
वर उघडा एक्का.
ईरण्णाच्या दोन राण्या उघड्यावर.
मधे दस्तगीर, बदामाचे चार घेऊन
पाचव्याची वाट बघत.
ईरण्णा वाढवायचा. मी वाढवायचो.
त्याला वरचा अर्धा हवा, मला खालचा,
आमचं आपसात भांडणच नव्हतं.
मधल्यानं मात्र दर फेरीला दोनदा भरायचं,
करवत जाताना एकदा, येताना एकदा.

‘काय बे,’ दस्तगीर म्हणाला,
‘दोघं मिळून मलाच कापायलाय?’

मिळून नव्हतो.
ईरण्णाकडं मी बघितलंसुद्धा नव्हतं.

बदाम आलाच नाही.
दस्तगीरनं पत्ते पालथे घातले, पोत्याची सुतळी ओढत बसला.
ढिगात एक्क्याऐंशी.
चाळीस राण्यांना,
चाळीस माझ्या एक्का-तिर्री-पंजी-छक्की-सत्तीला.
‘उरलेला मोठ्या हाताला,’ नागेश म्हणाला, ‘बोटीवरचा नियम.’
ईरण्णानं तो वॉशर करंगळीत घालून बघितला.
पेरापर्यंतच गेला.

पावणेपाचला बल्ब लागला, वेळेआधी.
कुणी उठलं नाही.
दस्तगीरनं आपले तेरा वॉशर एकावर एक रचले,
बोटानं मनोरा सरळ केला.
‘वाट परत,’ तो नागेशला म्हणाला,
आणि माझ्याकडं वळून,
‘आता मधे तू बस.’

मी खोकं सरकवलं.