डावं-उजवं

पेडल डावीकडे दाबलं.
मोटर थांबली, विचारात पडल्यासारखी,
मग अर्धीच वळली
आणि बोटीची नाळ सरळ जाऊन टेकली
पाण्याखालच्या बुंध्यावर.

रीलफुट तळ्यात बुंध्यांना तोटा नाही.
दोनशे वर्षांपूर्वी भूकंपात जमीन खचली,
उभं रान बुडालं,
त्याचे खुंट अजून आहेत खाली, आमची वाट बघत.
नवशिक्यांच्या बोटी त्यांवर चढतातच.
पण मी चोवीस वर्षं गाईड आहे,
कुठला खुंट कुठे ते झोपेत सांगेन.
मागच्या खुर्चीवरून गिऱ्हाईक म्हणालं,
"बाई, तुमच्या मोटरला डोळे नाहीत का?"
मी हसले. पैसे घ्यायचे होते अजून.

संध्याकाळी ट्रेलर गॅरेजात, दिवा नाळेवर,
नवी केबल खोक्यात, सत्तर डॉलरची.
शेजारचा व्हर्बन टगल आला न बोलावता,
ऐंशीच्या पुढचा, डाव्या कानाने बहिरा,
मजुरी ठरलेली : दोन सॉसेज बिस्किटं, तीही गरम.
त्याने केबलकडे बघितलंसुद्धा नाही.
शाफ्ट चिमटीत धरून हलवला
दुधाचा दात हलवून बघतात तसा.
खालून बैठक बोलली, टक्. टक्.
"आधी हिचे पाय बघ," म्हणाला.

चारातले दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले.
तिसऱ्याचा नट गायब.
बिजागरीतली बुशिंगं झिजून नखाएवढी पातळ,
रबराचा पार चोथा.
तीन आठवडे मी केबलला शिव्या देत होते.

झाकण काढून डेकखाली खांद्यापर्यंत हात घातला.
नट सापडायच्या आधी सापडलं
एक गळ, तो अंगठ्यालाच,
हरवलेली पक्कड,
आणि कुणाच्या तरी मयतीत वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा,
त्यावरचा येशू ओल येऊन निळा पडलेला.
व्हर्बनने तो घेतला आणि वारा घालत बसला.

खाली अॅल्युमिनियमची पट्टी, मोठे वॉशर,
घट्ट धरणारे नवे नट, बुशिंगं नवी,
बोल्ट आळीपाळीने आवळले, समोरासमोरचे,
एकदम एकालाच पिळायचं नाही.
मग केबलही बदललीच, आणलीच होती तर.
जुनीच्या तारा विसविशीत सुटलेल्या,
ग्रीसमध्ये माझं थोडं रक्त मिसळलं.

साडेदहाला पेडल डावीकडे दाबलं.
मोटर उजवीकडे गेली.
पुन्हा दाबलं. उजवीकडे.
व्हर्बन इतका हसला की कवळी हातात घ्यावी लागली.
"मिसिसिपी उलटी वाहिली त्या वर्षी,
म्हणून तर हे तळं झालं असं सांगतात.
तुझी तर एवढीशी मोटर."

दोन्ही तारांची टोकं अदलाबदल झाली होती.
पुन्हा डोकं उघडलं, पुन्हा ताण लावला,
ना सैल, ना सतारीसारखा.
तोवर तो खुर्चीतच झोपला, छातीवर पंखा.
त्याच्यावर ताडपत्री टाकली, दिवा मालवला.

पहाटे पाच. पाडुकाहून आलेला एक दंतवैद्य,
पाण्यावर धुकं, सायप्रसांचे गुडघे काळे.
मोटर आता म्हणाल तशी. नाळ गप्प.
पहिल्याच वळणावर पेडल डावीकडे दाबलं
आणि बोट भसकन इतकी वळली
की ओळखीच्या खुंटावर जाऊन टेकली, अलगद.

तीन आठवडे मी दुप्पट दाबत होते.
ढिलाईची सवय पायात मुरली होती,
तिथे पाना पोचत नाही.

दंतवैद्य काही बोलला नाही.
मीच म्हणाले, मोटरला डोळे आहेत.
आणि बूट काढून
अनवाणी पाय पेडलवर ठेवला,
हळू.