इथे मुखरू

टीव्हीवाल्यांनी चाळीस सेकंद दिले तुला, मुखरू,
अन् त्यातही चिखली दाखवली ती बुलढाण्याची.
आपली चिखली वडशापासून सहा कोस,
नकाशात बोटाखाली झाकते.
तू असता तर म्हणाला असता,
"मेल्यावर तरी बदली झाली म्हना."

मी प्रॉम्प्टर. विंगेत, चाळीसच्या बल्बखाली
तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलो.
माझा आवाज प्रेक्षकांत कोणी ऐकला नाही.
ऐकला असता तर कंपनीनं हाकललं असतं.

तू तेव्हा राइस मिलमध्ये पोती शिवायचा
अन् रात्री पडदा ओढायचा,
पाच रुपये अन् जेवण.
मंडईची रात्र. धान निघालेली बांधी,
तणशीवर चादरी टाकून बसलेली चार गावं.
राजानं हाक मारली, "प्रधानजी!"
कोणी आलं नाही.
पुन्हा मारली.
मी वही चाळली. वहीत प्रधान होता,
विंगेत नव्हता.
अन् तू, हातातली दोरी न सोडता,
सरळ दरबारात:
"महाराज, प्रधानजी आरमोरीच्या स्टँडवर हायेत जी.
एस्टी चुकली."

दोरीबरोबर पडदाही आला तुझ्यामागं,
राजा अर्धा झाकला गेला.
लोक असे हसले
की शेजारच्या बांधीतले बैल उठून उभे राहिले.

पुढच्या वर्षी लेखकानं वहीत एक पान कोरं सोडलं,
वर दोनच शब्द: इथे मुखरू.
त्या पानावर मला काम नसे. मी चहा प्यायचो.
कधी तू सरपंचाच्या चष्म्यावर पाव घंटा काढायचा;
एकदा जनरेटर बसला
तर अंधारात एकट्यानं अख्खं लग्न लावलं,
रुसलेल्या आत्यासकट.
लोक अजून सांगतात, आत्या दिसली.

मग मुंबई. निळा कोट.
"ओळखा आणि न्या", दर शनिवारी साडेआठला.
तिथं त्यांनी तुझ्या पानीचं पाणी केलं,
डोऱ्याचा डोळा केला,
लोकांनी कधी हसायचं
ते सांगायला पाटीवाली पोरगी ठेवली.
समोर काच, काचेवर अक्षरं सरकायची.
तू फोनवर म्हणाला,
"तुझ्यासारखाच हाय गा हा.
फक्त याले खोकला नाई."
त्या रात्री मी दोनदा ओळ चुकलो.

अकरा वर्षांत किती मिक्सर वाटले तू, देव जाणे.
पाहुणा म्हणून मंडईत आला,
हार घातला गेला, भाषण झालं,
अन् सायत्राबाईनं सगळ्यांसमोर विचारलं,
"आमचा कोठी हाय?"
तू तोंड उघडलं. मिटलं.
मी सवयीनं वहीकडे पाहिलं.

कार्यक्रम बंद झाल्याचं तू कळवलं नाही.
एका शनिवारी तुझ्या जागी स्वयंपाक लागला.

नंतरच्या हिवाळ्यात नाटक चालू असताना मागून आला,
उलट्या पिप्यावर बसला माझ्याशेजारी,
दहा बोटांत दहा पोंगे घालून,
आलूचा रस्सा मांडीवर.
कोट नव्हता. स्वेटर माझाच होता,
केव्हाचा नेलेला.
"तेच नाटक?" "तेच."
"माह्या जागी कोण?"
"एक पोरगा हाय. चांगला हाय."
"दाखव ना वही."

मी पान उलटून दिलं.
बल्बखाली तू ते कोरं पान
वरपासून खालपर्यंत वाचलं,
पोंग्याच्या बोटानं, ओळीओळीनं,
मग वही परत केली:
"एवढं पाठ नाई होत गा आता."

तीस वर्षं मी हसलो नव्हतो, मुखरू.
प्रॉम्प्टर हसला की नाटक बुडते.
त्या रात्री वही मांडीवरून पडली,
बाहेर राजा आ वासून उभा,
वाक्यासाठी माझ्याकडे पाहतो आहे,
अन् मी तोंडात स्वेटरची बाही कोंबलेली,
तुझ्या बोटांवरचे पोंगे एकेक गळताहेत,
अन् तणशीवरची माणसं,
काय झालं ते न कळता,
हसताहेत.