भरून बघ

रोलाच्या मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याला लागून
शमशीरचं दुकान. रुंदी एका माणसाची.
काचेखाली नखाएवढी कार्डं मांडलेली,
म्हसळ्याच्या बाजारात सुक्या जवळ्याचे वाटे लावावेत तशी.
"भाई, मेमरी कितना मंगता?"

मला रेकॉर्डरसाठी हवं होतं. मुठीत मावणारा, सेकंडहँड,
बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं.
गाणी नाहीत त्यात. चिलर आहेत,
इंडस्ट्रियल एरियातल्या एका गच्चीवरचे चार.
दर शनिवारी त्यांच्या अंगाला मी माईक टेकवतो.
बेअरिंग मरायच्या आधी महिनाभर बोलत असतं.
मागचा आवाज आजच्याशेजारी ठेवून ऐकावा लागतो,
आणि त्याही आधीचा,
धडधाकट होतं तेव्हाचा.

सोळाचं पंधरा दिरहम, बत्तीसचं बावीस,
आणि हे चौसष्ट, अठरा फक्त.
चौसष्ट बत्तीसपेक्षा स्वस्त कसं, हे मी विचारलं नाही.
शमशीरनेही नेमकी तेव्हाच काच पुसायला घेतली.

खोलीत आम्ही सहाजण.
मल्लेश म्हणाला, भरून बघ.
रिकामं असताना सगळीच कार्डं खरी असतात.

गुरुवारी रात्री भरायला बसलो.
पहिली फाईल: चिलर दोन, नवं बेअरिंग, मार्च.
मग हाताला लागेल ते.
एसीची घरघर. गुरुंगचं घोरणं, मध्येच थांबणारं,
की आपणच श्वास धरून बसावं.
कुकरच्या शिट्ट्या, सात.
तीन मशिदींतून मागेपुढे निघालेली अजान,
जणू एकच माणूस हाक मारत गल्ल्या पार करतोय.
मल्लेश लेकीकडून फोनवर पाढे म्हणून घेत होता, तेलुगूत;
सतराच्या पाढ्याला दोघंही अडकले.
रुकय्याचा फोन: सिलिंडर आला, पायरीवर शेवाळ धरलंय,
जेवलास का.
कार्ड सगळं घेत गेलं. ढेकर नाही, कुरकुर नाही.
स्क्रीनवर: अजून त्रेपन्न शिल्लक.

शनिवारी पहाटे पहिली फाईल उघडली.
नाव जागेवर. तारीख जागेवर. मार्च.
आत कुकर. चौथी शिट्टी.

आठ भरल्यावर ते गुपचूप मागे वळलं होतं
आणि जुन्याच्या अंगावर नवं लिहीत सुटलं होतं,
नावाला मात्र धक्का न लावता.

मी इअरफोन कानात तसाच ठेवून बसलो.
अकरा वर्षं झाली.
लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात
रुकय्या "जेवलास का" कशी म्हणायची?
खोली आठवते. तिचा पिवळा ओढणा आठवतो.
आवाज आठवायला गेलो
तर परवाचाच फोन वाजला, सिलिंडरसकट.

शमशीर नाकारत बसला नाही.
"चौसठ लिखा है भाई, मैंने थोडी लिखा."
दहा दिरहम काचेवर सरकवले, कार्डही ठेव म्हणाला.
त्याच्याच मार्करने मी सहा आणि चार दोन्ही काळे केले
आणि वर आठ लिहिलं. जरा वाकडं आलं.
आता ते खरं बोलतं.

गच्चीवर दुपारी चव्वेचाळीस अंश.
चिलर दोनला माईक लावला.
मार्च गेला तो गेला; आजचाच आवाज पहिला धरायचा
आणि इथून पुढचं बिघडणं मोजायचं.
चारही झाले, तरी कार्डात पुष्कळ जागा होती.

रात्री रुकय्याचा फोन आला.
म्हटलं, बोल. पाच मिनिटं काहीही बोल, मी मध्ये बोलणार नाही.
"तब्येत बरी आहे ना तुझी?"
बरी आहे. बोल तू.
"अरे पण काय बोलू?"
मी बटण दाबलं. लाल ठिपका लागला.
सिलिंडरपासून सुरू कर, म्हटलं.