हातचा

निपाणीच्या वखारीत नवा काटा बसलाय.
पोरगा थेट बोद टाकतो त्याच्यावर.
मी ओरडलो, आधी धडा कर रे सत्याप्पा,
रिकामं पारडं सरळ राहिल्याखेरीज
भरल्याचं काय खरं?
तो हसला. त्याला वाटलं म्हातारा तंबाखूचं बोलतोय.

लढाईत, बंगालातल्या तळावर, माझं काम हेच.
चार इंजिनांचं विमान आणि मी त्याचा तोलार.
दुपारी तीनला पत्र्याच्या खोलीत नकाशा उघडला.
त्यावर लाल दोरा, आमच्या सुतळीहून बारीक,
तळापासून डोंगरांवरून एका नदीपर्यंत.
नदीवर पूल. फोटोत काडेपेटीतल्या काडीएवढा.
हवामानवाला म्हणाला, ढग असतील.
असले तर?
असतील, म्हणाला, आणि छडी खाली ठेवली.

मग मी हिशेब मांडला.
पेट्रोल. तेल. माणसं आठ, बूट धरून.
गोळ्यांचे पट्टे. प्राणवायूच्या बाटल्या.
पाचशे पौंडांचे आठ.
पाटीवर शिकलो तशीच बेरीज, हातचा दोन, हातचा एक,
आणि तळाशी एक आकडा
जो धावपट्टी संपायच्या आत हवेत जायला हवा.
बॉम्ब कमी तर पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल म्हणजे परत येणं.
कप्तानानं माझ्याकडं पाहिलं.
आठाचे सहा करा, असं मी म्हणालो नाही.

जाण्याआधी सगळ्यांना अंडी.
माझी आई स्तवनिधीला तेल वाहायची,
पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची
आणि फडकं त्याच विहिरीत उलटं धुवायची,
अडकलेला जीव आपल्या पाण्यात परत जावा म्हणून.
दिवस बुडाल्यावर घास घ्यायचा नाही, हा तिला दिलेला शब्द.

सूर्य झाडीमागं गेला तेव्हा आम्ही उडालो.
जरा वर चढलो तर तो पुन्हा निघाला!
शेपटीतल्या पोराला आधी दिसला, त्यानं ओरडून सांगितलं.
मी घाईघाईनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला
तो दुसऱ्यांदा मावळायच्या आत.
हे चालतं का, कुणाला विचारणार?

ढग नव्हते.
पूल वरूनसुद्धा काडीएवढाच.
वजन उतरलं की पारडं उसळतं, तसं विमान उसळलं,
पण पुरतं नाही.
बुडाखाली कळलं मला. बाकी कुणी मोजत नव्हतं.
सात, मी म्हणालो. सातच गेले.

पोटातल्या दारात एक वीतभर पट्टी,
खाली उघडं आभाळ, वर मी, हातात पकड.
आठवा तसाच लटकलेला, खटका गारठून बसलेला.
परत नेता येत नव्हता. उतरताना कुठंही फुटला असता.
किती वेळ गेला ठाऊक नाही.
लाल दोरा केव्हाच मागं राहिला होता.
खाली काळोख होता आणि काळोखात एक उजेड,
कुणाची चूल, किंवा डबक्यात पडलेली चांदणी.
बोटं वळत नव्हती.
मग वळली.

विमान उसळलं. आता पुरतं.

पहाटे कागदावर कप्तानानं लिहिलं, आठही पुलावर.
खाली सही माझी. तवनाप्पा भीमाप्पा चौगुले.
अक्षर चांगलं आलंय, आईनं दिव्यापाशी गिरवून घेतलेलं.

सांजेला मी बोदांची बेरीज करतो.
सत्याप्पा खांद्यावरून वाकून बघतो.
अण्णा, हातचा एक धरलात, मिळवलात कुठं?
मी वही मिटतो.
उद्या चिकोडीचा माल यायचाय, पहाटेच.
जा, म्हणतो, काटा झाकून ठेव,
आणि दिवस आहे तोवर जेवून घे.