पंधरा एप्रिलच्या आधी

क्लार्क्सव्हिल, टेनेसी.
लाँड्रोमॅट आणि बंदुकांचं दुकान, त्यांच्या मधे माझं
टॅक्सचं ऑफिस. रुंदी अकरा फूट.
एप्रिलात लोक इथे बुटांच्या खोक्यांतून
आपापलं वर्ष घेऊन येतात.

आज व्हर्जिल स्टॅम्पर.
सायलेन्सर दुरुस्तीचं गॅरेज, पाच कामगार,
नखांत ग्रीस, तेच पावत्यांवर.
वृषाली हे नाव त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही,
वीस वर्षं मी नुसती ‘व्ही’.
“बोल व्ही, यंदा किती कापणार?”
मी आकडा सांगते.
तो टोपी काढतो, मयताला काढावी तशी.

मग त्याचं दरवर्षीचं भाषण,
मला पाठ, तरी मी ऐकते.
“शुक्रवारी पगार ज्याला द्यायचाय त्याची गुरुवारी झोप उडते.
नियम लिहिणारा आठवडाभर घोरतो.
आजार माझा, डॉक्टर माझा,
मधे हा तिसरा कोण खुर्ची टाकून बसलाय?
फौजेच्या पैशात मात्र हात आखडू नका.
कुंपणाची तार घेताना घासाघीस करू नये.”

एकदा त्याला म्हण सांगितली होती,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
म्हणाला, “लिहून दे, वॉशिंग्टनला पाठवतो,
पोस्टाचा खर्च माझा.”

मी मान डोलावते, गिऱ्हाईक आहे म्हणून नाही.
फोनवर बहीण म्हणते, तिकडे जाऊन बदललीस.
कुठे बदलले?
एका लेथ मशीनच्या परवान्यासाठी
दादांनी मिरजेहून मुंबईला अकरा खेपा घातल्या.
बाराव्या खेपेला साहेब रजेवर.
खुर्चीच्या पाठीवर फक्त पांढरा टॉवेल.
अजूनही कुणी ‘सरकार बघून घेईल’ म्हणालं
की मला तो टॉवेल दिसतो.

खोक्याच्या तळाशी जाड पाकीट.
याच्यावर त्याचं भाषण नाही.
लव्हर्नचं ऑपरेशन, ऑगस्टमधलं.
विमा कंपनीची तीन पत्रं, तिन्हींत ‘खेद’ हा शब्द.
एकसष्ट हजार चारशे.

“चर्चनं मासे तळले,” तो म्हणतो,
“दोन शनिवार. पार्किंगपर्यंत रांग.
नऊ हजार जमले, व्ही.
कुणी फॉर्म भरला नाही, कुणी शिक्का मारला नाही.
ज्यांच्याशी मी आठ वर्षं बोलत नव्हतो
तेही तीन-तीन प्लेटा घेऊन गेले.”
त्याचे डोळे भरतात. माझेही.
खरं आहे ते. असं कुठला टॉवेल करील?

मग आम्ही दोघं पाकिटाकडे बघतो.
एकसष्टातून नऊ.
ही वजाबाकी मोठ्यानं कुणीच करत नाही.
मशीनवर बोट ठेवून मी म्हणते,
उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर जे जाईल
तेवढंच वजा होतं, व्हर्जिल.
“माहितेय,” तो म्हणतो. “मागच्या वर्षीही माहीत होतं.”

माझं मत बदललं, असं नाही.
पेन तेवढं जरा वेळ हवेत राहिलं.

आणि थोरल्याचा गुडघा?
“तो बरा आहे. फौजेच्या दवाखान्यात.
एक पैसा घेतला नाही.” मग घाईनं,
“ते वेगळं. ते त्यानं कमावलंय.”
मी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात काच थरथरते.
छावणीकडून हेलिकॉप्टरं, एकामागे एक,
लाँड्रोमॅटच्या छपरावरून इतकी खाली
की वाळत घातलेली माणसं वर बघतात,
नाही, कपडे वाळत घालणारी माणसं. मी थकलेय.
व्हर्जिल दारात जातो, टोपी छातीशी.
त्यांतल्या एकात त्याचा धाकटा असेल किंवा नसेल.
मोजतो. सात.

परत येऊन सही करतो, चेक फाडतो,
पूर्ण आकडा, मुदतीच्या दोन दिवस आधी.
“त्यातलं एखादं गॅलन माझं,”
वरच्या रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवून म्हणतो,
आणि जाड पाकीट विसरून जातो.

मी हाक मारायला उठते.
ट्रक गल्लीबाहेर गेलेला असतो,
सायलेन्सर अगदी शांत.